उद्घाटनाआधीचा संगणक

माझी कारकीर्द एका झालरीच्या कव्हराखाली सुरू झाली. कव्हर पडद्याच्या कापडाचं होतं, त्यावर मोर होते, आणि ते आमच्या प्राचार्यांच्या पत्नीने स्वतः शिवलं होतं. त्याखाली संगणक होता. संशोधन आणि उच्च शिक्षणासाठी देशभर संगणकांचं जाळं विणावं असं दिल्लीत कोणाच्या तरी मनात आलं होतं, आणि विणता विणता त्याचा एक धागा, कसा कोण जाणे, चंद्रपूरकडच्या मूल गावापासून फार लांब नसलेल्या आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजपर्यंत येऊन पोचला होता. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. गावात टीव्ही बोटांवर मोजण्याइतके आणि फोन त्याहून थोडे जास्त.

पुढे जन्मभर मी हेच काम केलं. कॉलेजांना विद्यापीठांशी जोडलं, विद्यापीठांना एकमेकांशी जोडलं, आणि निवृत्त होताना एक शाल मिळवली. आता कुठे बोलायला गेले की एखादा हुशार मुलगा विचारतो, "मॅडम, तेव्हा स्पीडचा प्रॉब्लेम असेल ना?" मी हो म्हणते. त्याला मोर कुठे समजावून सांगत बसू?

संगणक माझ्याकडे आला तो माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. मी संख्याशास्त्र शिकवायचे. संख्याशास्त्रात आकडे असतात, संगणकातही आकडे असतात, तेव्हा बाई तुम्हीच बघा, असा प्राचार्यांचा सरळ हिशोब होता. मी वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. बाबा तिथेच नोकरीला होते, त्यामुळे दिवे जातात हे मला नोकरीच्या गावी येईपर्यंत माहीतच नव्हतं. बाबांनी तयार केलेली वीज आमच्या कॉलेजच्या डोक्यावरून जाड तारांमधून मुंबईकडे जायची आणि आम्ही खाली मेणबत्ती शोधायचो. मला प्रशिक्षणासाठी नागपूरला पाठवलं, तिथल्या एका संशोधन संस्थेच्या मोठ्या संगणकाशी फोनवरून कसं बोलायचं ते शिकवलं, आणि परत आल्यावर प्राचार्यांनी सांगितलं, "छान. आता मंत्रीसाहेब येतपर्यंत हात लावायचा नाही."

आमच्या भागात उद्घाटनाशिवाय कोणतीही वस्तू अस्तित्वात येत नाही. गावाबाहेर नाल्यावर एक नवा रपटा, म्हणजे बसका पूल, बांधून तयार होता, त्याच्या तोंडाला फीत बांधलेली होती, आणि बैलबंड्या शेजारून पाण्यातून जात होत्या. बसस्टँडच्या नव्या मुतारीला कुलूप होतं आणि लोक तिच्या भिंतीचा बाहेरून उपयोग करत होते. ज्याचं उद्घाटन झालेलं नाही ते वापरणं म्हणजे लग्नाआधी नांदायला जाणं, असा सगळ्यांचा प्रामाणिक समज. मंत्रीसाहेब आधी हिवाळी अधिवेशनानंतर येणार होते, मग संक्रांतीनंतर, मग परीक्षांनंतर. मधल्या काळात संगणकाची पूजा मात्र रीतसर झाली. दसऱ्याला आम्ही घरचे सगळे दीक्षाभूमीवर असतो, त्यामुळे मी गावात नव्हते. परत येऊन बघते तर पडद्याच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक आणि कीबोर्डच्या फटींत अक्षता. तांदूळ काढायला मला दोन तास लागले. पूजा चालते, वापर चालत नाही. हे मला आजही कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं सांगते आहे ते सर. आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. धानाच्या शेतकऱ्यांच्या घरातले, मूलकडचे, घरातले पहिलेच शिकलेले. पीएच.डी.साठी त्यांनी धानावरची गादमाशी घेतली होती. ही माशी रोपात शिरली की त्याला लोंबी येत नाही, नुसता कांद्याच्या पातीसारखा पोकळ पोंगा येतो. सर वर्षानुवर्षं दर पावसाळ्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांतून, वाकून हिंडायचे आणि पोंगे मोजायचे. त्यांना वाटत होतं की जिथे रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, उशिरा होतो तिथे माशी जास्त लागते. पण वाटून काय होतं? पाऊस, जात, जमीन, सगळं बाजूला काढून ते आकड्यांतून दाखवायचं, तर तो हिशोब हाताने करणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यासाठी नागपूरचा मोठा संगणक हवा होता. आणि विद्यापीठाने त्यांच्या नोंदणीला दिलेली शेवटची मुदतवाढ पावसाळ्याच्या तोंडावर संपत होती. ती संपली की नाव कापलं जाणार आणि इतक्या वर्षांचे पोंगे चिखलात जाणार.

"मॅडम," सर एक दिवस कव्हरावरच्या मोरांकडे बघत म्हणाले, "हे उघडता येते काय?"

"येतं. पण प्राचार्य?"

"त्यायले मी विचारतो."

प्राचार्यांनी जे उत्तर दिलं त्याला प्रशासन म्हणतात. ते म्हणाले, "मला विचारू नका. मी दर गुरुवारी मीटिंगला चंद्रपूरला असतो." आणि पुढच्या गुरुवारी खोलीची किल्ली टेबलावर विसरून गेले. त्याच्या पुढच्याही गुरुवारी विसरले. तरुण वयातच त्यांची स्मरणशक्ती अशी ठराविक वारी जायला लागली होती.

फोन प्राचार्यांच्या खोलीत आणि संगणक शेजारच्या. खिडकीतून वायर ओढून फोन इकडे आणायचा, नागपूरचा ट्रंक कॉल लावायचा, तिकडून शिट्टी ऐकू आली की रिसीव्हर उपडा करून एका पेटीवरच्या दोन रबरी वाट्यांमध्ये घट्ट बसवायचा. मग आमची पेटी आणि नागपूरची पेटी त्या रिसीव्हरमधून एकमेकींना किंचाळून आकडे सांगायच्या. खोलीत कोणी खोकलं तरी ती खोकला आकडा समजून पाठवायची. मी दारावर "शांतता राखा" असं लिहून लावलं. ते वाचून स्टाफरूममधला प्रत्येक जण आत येऊन विचारायचा, "काऊन? काय झालं?"

तरी पहिल्याच गुरुवारी कॉल लागला. पडद्यावर नागपूरच्या संगणकाने आपलं नाव सांगितलं तेव्हा सर खुर्चीवरून उठून उभे राहिले, वर्गात साहेब आल्यावर मुलं उठतात तसे. मी आकडे पाठवायला सुरुवात केली. थोडे गेले, आणि मग पडद्यावर कचरा. चौकोन, उद्गारचिन्हं, डॉलर. फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच, अगदी तेवढ्याच वेळाने. पुढच्या गुरुवारी पुन्हा. त्यात भर म्हणजे दुसऱ्या दिवशी टेलिफोनचा लाइनमन शिडी घेऊन हजर झाला. "तुमच्या लाइनीची कम्प्लेंट हाय," म्हणे. कम्प्लेंट आम्ही केलेली नव्हती. त्याने वायरी तपासल्या, सगळं ठीक आहे असं सांगितलं, आणि जाताना आमची खिडकीतली वायर बेकायदेशीर म्हणून कापून टाकली.

शेवटी मी एक्स्चेंजमध्ये गेले. पोस्टाच्या मागे एक खोली, त्यात भोकांचा बोर्ड, आणि त्यापुढे डोक्याला हेडफोन लावून बसलेली ऑपरेटरबाई. माझ्याहून बरीच मोठी, अंगाने भरलेली, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. सगळ्या तालुक्याची लग्नं, भांडणं आणि भाव तिच्या कानावरून जायचे, त्यामुळे तिला माझं नाव, गाव आणि माझ्यासाठी आलेलं शेवटचं स्थळ हे सगळं माहीत होतं.

"बाई, तुम्ही आमचा कॉल मध्येच तोडता का?"

"तोडत नाई, वाचवते," ती म्हणाली. "तीन मिनिटं झाली की मले विचाराच लागते, वाढवाचं काय म्हून. तुमच्या कॉलमंधी जाते तं कोनी बोलतच नाई. नुसती चिरचिर, चिरचिर. मी म्हनलं, लाइन बिघडली. फुकट कायले पैसे लावाचे गरिबाले? म्हून काढून टाकते. कम्प्लेंट बी लिहून देते, दर गुरुवारी."

म्हणजे देशाच्या संशोधन जाळ्यात जो कचरा येत होता तो या बाईचा प्रेमळ प्रश्न होता. ती विचारायची, "वाढवाचं काय?" आणि नागपूरच्या संगणकाला "हो" म्हणता येत नव्हतं. मी प्रशिक्षणात जाड जाड पुस्तकं वाचली होती. त्यांत या अडचणीचा उल्लेख नव्हता.

"बाई, ती चिरचिर म्हणजे बोलणंच आहे. दोन मशीन बोलतात."

"काय बोलतात?"

"धानावरच्या किड्याबद्दल."

तिने हेडफोन एका कानावरून मागे सारला. "किड्यासाठी ट्रंक कॉल?"

मी तिला सगळं सांगितलं. सरांचे पोंगे, मुदत, सगळं. तिच्या घरची बांधी होती, गादमाशी तिला माझ्यापेक्षा जवळची. तिने बोर्डातली एक पिन काढून दुसऱ्या भोकात खोचली. मग म्हणाली, "न विचारता मले नाई राहाता येत. नियम हाय. पन एक करू. आंधीच विचारून घेते."

कापलेली वायरही तिने लाइनमनकडून जोडून दिली, आणि तेव्हापासून आमचे गुरुवार असे सुरू व्हायचे. नागपूर लागलं की बाई म्हणायची, "वाढवाचं काय?" मी म्हणायचे, "हो." "वाढवाचं काय?" "हो." जितका वेळ लागणार असेल तितके हो मी तिला उभ्या उभ्या आगाऊ मोजून द्यायचे, मग ती म्हणायची, "घाला आता वाटीत," आणि मी रिसीव्हर रबरात बसवायचे. नागपूरच्या बाजूच्या ऑपरेटरलाही तिने दम देऊन ठेवला होता: "तो कॉल सायन्सचा हाय. मंधात बोलू नोको." परदेशात जाळ्यांचे नियम ठरवायला मोठमोठ्या समित्या बसतात असं मी पुढे वाचलं. आमच्याकडे ते काम खर्रा खाणाऱ्या एका बाईने चहा येण्याआधी उरकलं होतं.

मग उन्हाळा लागला आणि बिडीच्या तेंदूपानांचा हंगाम सुरू झाला. पानांचे ठेकेदार गावात उतरले की एक्स्चेंज त्यांचंच. सकाळपासून नागपूर, गोंदिया, सागर, जबलपूर. कॉलची रांग लागायची, त्यात गादमाशीला कोण विचारतो? बाईने विचारलं. ठेकेदार ओरडत असताना ती त्यांना सांगायची, "लाइन बिझी हाय," आणि ती बिझी लाइन आमची असायची. शेवटचे आकडे गेले त्या गुरुवारी वीजही टिकली, ही बाबांची कृपा. नागपूरच्या संगणकाने हिशोब केला आणि उत्तर परत पाठवलं. आमचा प्रिंटर कर्र कर्र करत एकेक ओळ छापू लागला. कागद पूर्ण बाहेर येईपर्यंत सरांना धीर नव्हता, ते वाकून उलटेच वाचत होते.

"मॅडम, बरोबर हाय," ते म्हणाले. "रोवण्याचंच हाय. मी म्हनत होतो तेच हाय."

इतक्या वर्षांचं वाकणं त्या कागदावर सरळ झालं होतं. मला फार आनंद झाला होता, हे कबूल करते. तोपर्यंत मला वाटायचं की मी मोरांची राखण करायला पगार घेते. सरांनी प्रबंधात एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि तिथे नोंदवलं की हे विश्लेषण आमच्या महाविद्यालयातील संगणकावरून, नागपूरच्या संगणकाशी दूरध्वनीने जोडून केलं आहे. मग कळलं की प्रबंधासाठी जे उपकरण वापरलं त्याबद्दल तिथल्या संस्थाप्रमुखाचा दाखला जोडावा लागतो. आम्ही प्राचार्यांकडे गेलो.

प्राचार्य खरंच चकित झाले. "दाखला? कशाचा?"

"संगणक वापरल्याचा, सर."

"पण त्याचं उद्घाटन कुठे झालंय?"

"झालं नाही. पण वापरला तर आहे."

"मॅडम," ते अत्यंत मायेने म्हणाले, "जी वस्तू अजून सुरूच झाली नाही ती वापरली असं मी कसं लिहून देऊ? उद्या मंत्रीसाहेब फीत कापायला आले आणि कोणी त्यांना हे दाखवलं तर? त्यांनी कापायचं काय मग?"

 प्राचार्य माणूस वाईट नव्हते, हीच मोठी अडचण. त्यांनी लगेच तोडगाही सुचवला. सरांनी लिहावं की ते स्वतः नागपूरला गेले आणि संस्थेत बसून हे करून आणलं. रजा मागच्या तारखांनी दाखवू, संस्थेतले सरांचे गाईड एका ओळीत सही देतील, विषय संपला.

सर म्हणाले, "पन मी गेलोच नाई, सर."

"ते कोणाला माहीत आहे?"

"मले माहीत हाय."

बाहेर व्हरांड्यात मी सरांवर अशी भडकले की मुलं वर्गांतून डोकावून बघायला लागली. म्हटलं, सर, हिशोब खरा, माशी खरी, पोंगे खरे. एक गावाचं नाव बदललं तर आभाळ कोसळणार आहे का? मुदत संपायला आली आहे. सरांनी मुलांना हाताने आत जायची खूण केली. मग म्हणाले, "मॅडम, पोंगे मोजताना कोनी पाहायले नसते. बांधीत मी एकटाच राहातो. एखाद्या दिवशी ऊन लागलं, म्हनलं दोन बांध्या अंदाजे लिहून टाकू, तं कोनाले कळते? आजवर लिहिलं नाई. आता नाई लिहीत."

 मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्या रागात त्यांच्याबद्दलचा आदर किती होता हे मला तेव्हा नीट कळलं नाही. सरांनी ते अख्खं प्रकरण प्रबंधातून काढून टाकलं. त्याजागी हाताने काढलेल्या साध्या सरासऱ्या घातल्या, शाळकरी मुलं काढतात तशा, आणि मुदत संपायच्या आत प्रबंध दिला. संगणकाने छापलेले कागद ते फेकणार होते. मी मागून घेतले.

तोंडी परीक्षा नागपूरला विद्यापीठात होती. ती खुली असते, कोणीही जाऊन बसू शकतं. मी शेवटच्या रांगेत बसले, पिशवीत ते कागद घेऊन. का घेऊन गेले, सांगता येत नाही. परीक्षक बाहेरून आले होते, मोठे विद्वान, बोलणं अगदी इस्त्री केलेलं. आता ते सरासऱ्यांवर सरांना सोलून काढणार, प्रबंध परत पाठवणार, असं मी धरूनच चालले होते. 

परीक्षकांनी चष्मा काढला. "काम प्रचंड आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं, इतकी निरीक्षणं. विश्लेषण मात्र फार प्राथमिक आहे. खरं तर हे संगणकावर व्हायला हवं होतं. पण मी समजू शकतो. त्या जंगलात संगणक कुठून येणार? तुम्ही ज्या परिस्थितीत काम केलं आहे त्या मानाने हे कौतुकास्पद आहे. मी शिफारस करतो."

झालं होतं. डिग्री मिळाली होती. आमच्याकडे संगणक नाही या एका गोष्टीवर मिळाली होती, पण मिळाली होती. गाईडसाहेब छताच्या पंख्याकडे बघायला लागले. मी मनातल्या मनात सरांना विनवत होते की आता आभार माना आणि खाली बसा.

सर खाली बसले नाहीत. त्यांनी घसा खाकरला आणि आपली ठेवणीतली भाषा काढली. "सर, आमच्याकडे संगणक आहे. विश्लेषण त्यावर केलं होतं. इथल्या मोठ्या संगणकाला ट्रंक कॉलने जोडून. पण त्याचं उद्घाटन झालेलं नाही, म्हणून प्रबंधात लिहिता आलं नाही."

 परीक्षक हसायला लागले. आधी हळू, मग खांदे गदागदा हलवत. ते हसले म्हणून गाईडसाहेब हसले, आणि गाईडसाहेब हसले म्हणून सगळी खोली हसली. परीक्षकांनी रुमालाने डोळे पुसले. "ट्रंक कॉलने! उद्घाटन झालं नाही म्हणून! वा! तुमच्या झाडीपट्टीतली माणसं नाटकात तरबेज असतात असं ऐकून होतो."

"नाई सर, खरंच हाय," सर म्हणाले. ठेवणीतली भाषा संपली होती. "त्या मॅडम बसल्या हायेत ना मागं. त्यायनंच केलं."

सगळ्या माना वळल्या. मी उभी राहिले. म्हटलं, "खरं आहे, सर," आणि पिशवीतून कागद काढला. प्रिंटरचा सलग कागद तो, घडी सुटली आणि दोन रांगा ओलांडून खाली लोळत गेला.

"अरे वा, नाटकाचं सामानसुद्धा आणलंय!" परीक्षक म्हणाले, आणि हसत हसतच त्यांनी सही केली.